बाईंच्या आईचे ओठ

निळेकाकांना निळेकाका का म्हणतात, हे त्यांच्या नखांकडे बघितलं की कळायचं. दहाच्या दहा नखांच्या कडा निळ्या. साबण झाला, लिंबू झालं, दात घासायचा जुना ब्रश झाला. पण छत्तीस वर्षं रोज नीळ कालवणाऱ्या माणसाची नखं अशी सहजासहजी पांढरी होत नसतात. बायको त्यांना पहिल्यांदा भेटली तेव्हा हा माणूस लाँड्रीत कामाला आहे आणि ते आपल्यापासून लपवतोय, असा तिचा पक्का ग्रह झाला होता. खरा धंदा कळल्यावर ती म्हणाली होती, "लाँड्री बरी होती. निदान समजलं तरी असतं."

धंदा साच्यांचा. शिल्पकार मातीत पुतळा घडवतो, पण माती वाळली की तडकते, म्हणून तो प्लास्टरमध्ये उतरवून घ्यावा लागतो. त्यासाठी काका मातीच्या पुतळ्यावर आधी प्लास्टरचा एक पातळ हात मारायचे, आणि त्यात कपड्यांना घालतात ती नीळ मिसळायचे. त्यावर बोटबोट जाड पांढरा थर. तो घट्ट झाला की साचा दोन भागांत सोडवायचा, आतली माती खरवडून काढायची, साबणाचं पाणी फिरवायचं, भाग पुन्हा जोडायचे आणि पोकळीत नवं प्लास्टर ओतायचं. मग यायचं खरं काम. छिन्नी आणि लाकडी हातोडी घेऊन बाहेरचा साचा फोडत फोडत आत जायचं. आतला पुतळाही पांढरा, बाहेरचा साचाही पांढरा. मध्ये तो निळा थर दिसला की हात आखडायचा, कारण त्याच्या खाली कुणाचं तरी नाक असतं.

"मी घडवत नाही, मी फोडतो," असं काका अभिमानानं सांगायचे. मूळ माती साचा सोडवतानाच गेलेली असते, त्यामुळे हातोडी चुकली तर मागे फिरायला वाट नाही. शिल्पकार मंडळी मोठमोठ्यानं वाद घालायची, रुसायची, एकमेकांच्या प्रदर्शनांना मुद्दाम उशिरा जायची. काका मात्र साडेनऊला त्या सगळ्यांच्या सामाईक कारखान्यात यायचे, एप्रन चढवायचे, एकला डबा उघडायचे आणि पाचला खिडक्या लावून घरी जायचे. घर दोन खोल्यांचं, गॅलरीत तीन कुंड्या. मुलगी दातांच्या दवाखान्यात लोकांच्या जबड्यांचे साचे घ्यायची. "आमच्याकडे सगळे तोंडातच हात घालतात," असं बायको शेजारणींना सांगायची. एकूण माणूस सुखी होता. एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनात सव्वीस वर्षं खडा होऊन बसली होती, आणि ती बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हती.

ती बाहेर यायची वेळ आणली संग्रहालयानं. शहराच्या संग्रहालयात एक दालन रिकामं झालं होतं आणि त्यांनी कारखान्याला कळवलं: तुमच्या मागच्या खोलीतली अकरा कामं पाठवा, आणि त्यातलं जे सगळ्यांत महत्त्वाचं, ते ब्राँझमध्ये ओतून दारात बसवू. मागच्या खोलीत मांडण्यांवर दोनशेवर प्लास्टरं आणि काही दगडी, पत्र्याची कामं धूळ खात होती. त्यातली अकरा निवडायची म्हणजे शिल्पकारांनी एकत्र बसायचं, आणि शिल्पकारांनी एकत्र बसायचं म्हणजे काय, ते ज्यानं बघितलंय त्यालाच माहीत.

ओळीनं तीन गुरुवार बैठक ठरली. दुपारी तीनला, मधल्या मोठ्या टेबलाशी. काकांचं काम एवढंच की मागून एकेक प्लास्टर उचलून आणायचं, फिरत्या पाटावर ठेवायचं आणि 'फिरवा' म्हटलं की फिरवायचं.

बसणारे चौघं. अध्यक्ष होते घोडेवाले. चौकाचौकांतले स्वार त्यांनी केलेले, आणि आवाजही चौकात बोलल्यासारखाच. दुसरे दगडोबा, ते फक्त दगडात काम करायचे आणि प्लास्टरला 'वाळलेला चिखल' म्हणायचे. तिसरी भंगारवाली, तिशीची मुलगी. सायकलच्या चेन, पत्रे, नळाच्या तोट्या जोडून ती जे करायची त्याचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे काकांनी कधी विचारलं नव्हतं. आणि चौथ्या बाई. बाई एकोणऐंशीच्या. कला शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, काठी टेकत येणाऱ्या. घोडेवाले आणि दगडोबा दोघेही त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे त्यांच्यासमोर दोघंही वाद घालायचे ते बाकावरून उभे राहिल्यासारखे.

पहिला गुरुवार 'महत्त्वाचं म्हणजे काय' यातच संपला. घोडेवाल्यांचं म्हणणं, जे हजारो लोक रोज बघतात ते महत्त्वाचं.

"मग रस्त्यावरचा सिग्नल पाठवू," भंगारवाली म्हणाली. "तोही हजारो लोक बघतात."

"जे टिकतं ते महत्त्वाचं," दगडोबा म्हणाले. "आणि टिकतो दगड."

"टिकतो तर माझ्या अंगणातला पाटाही टिकलाय. तोही पाठवू?" घोडेवाले म्हणाले.

भंगारवालीचं मत वेगळं. ज्या कामानंतर पुढच्यांना पहिल्यासारखं काम करता आलं नाही, ते महत्त्वाचं. हे सगळ्यांना पटलं, आणि मग तिघांनीही अशी कामं म्हणून जी यादी दिली ती आपापलीच निघाली. आपला तो बाब्या. बाई बिस्किट चहात बुडवत होत्या, आणि बिस्किट तुटायच्या आत तोंडात घालायची त्यांची हातोटी बघण्यासारखी होती.

दुसऱ्या गुरुवारी मात्र काम झालं. अकरा ठरली. दारातल्या ब्राँझसाठी उरली दोन: घोडेवाल्यांचं घोड्याचं मुंडकं, जे त्यांनी स्वतः सुचवलं नाही, फक्त तीनदा पाटावर ठेवायला लावलं, आणि बाईंचं 'आई'.

'आई' पाटावर ठेवताना काकांनी तिच्या ओठांकडे बघायचं टाळलं.

त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. बायकोनं ताट बघितलं आणि ओळखलं.

"ओठ?" ती म्हणाली.

"ब्राँझ करतायत," काका म्हणाले.

"मग आता तरी सांगा."

"बाईंनी त्या दिवशी गप्प बसायला सांगितलं होतं."

"त्यांनी सांगितलं ते पाच मिनिटांसाठी. तुम्ही सव्वीस वर्षं बसलात!"

झालं होतं ते असं. बाईंनी आपल्या आजारी आईचं मुंडकं मातीत केलं. काम संपलं आणि पंधरा दिवसांत आई गेली. काकांनी साचा घातला, पण त्या सकाळी नीळ संपत आली होती. दुकान गल्लीच्या टोकाला, म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण आळस माणसाचा शत्रू म्हणतात तो उगीच नाही. उरलेल्या चिमटीभर निळेत त्यांनी अख्खा थर भागवला. थर निळा नव्हता, आजारी आकाशी होता. आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या कडक उजेडात फोडताना तो पांढऱ्यात मिसळून गेला. छिन्नी एक घाव जास्त गेली. आईचा खालचा ओठ आणि तोंडाचा डावा कोपरा भुगा होऊन काकांच्या एप्रनवर पडला.

बाई जेवायला गेल्या होत्या. यायला पाऊण तास. काकांनी वाटीभर प्लास्टर कालवलं, ओठाच्या जागी थापलं आणि ते घट्ट व्हायच्या आत चाकूनं कोरायला घेतलं. त्यांना एवढंच आठवत होतं की मातीतले ओठ बारीक आणि मिटलेले होते. पण त्यांच्या हातून ते मिटेनात. तीनदा घासून पुन्हा केले, तरी मध्ये फट राहायचीच. वाटावं, ही आई आता काहीतरी बोलणार. तेवढ्यात दारात काठी वाजली (तेव्हा ती काठी नव्हती, छत्री होती) आणि काकांनी चाकू खाली ठेवला.

बाई मुंडक्यासमोर उभ्या राहिल्या. मग प्लास्टरच्या गोणीवर बसल्या आणि रडायला लागल्या. "असे नव्हते केले मी," त्या म्हणाल्या. "मिटलेले केले होते. कधी उघडले मी हे?" काकांनी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "तू गप्प बस. काही बोलू नकोस." काका बसले गप्प.

इथवर असतं तर झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण बाईंनी त्या ओठांवर पुढचं सगळं आयुष्य उभं केलं. त्यांची आई आयुष्यात कोणाला उलटून बोलली नव्हती. वडील घरात बोलायचे, ओरडायचे, ताट भिरकावायचे, आणि आई ओठ मिटून पडलेलं उचलायची. बाईंनी मातीतही तिला तशीच केली, कारण तशीच बघितली होती. आणि तरी प्लास्टरमधून ती ओठ विलग करून बाहेर आली. म्हणजे आपल्या डोक्याला जे धाडस झालं नाही ते आपल्या हातानं न विचारता करून टाकलं, अशी बाईंची खात्री झाली. वर्गात त्या प्रत्येक तुकडीला सांगायच्या: हाताला डोक्याआधी कळतं, हाताच्या आड येऊ नका. त्यांचे विद्यार्थी ते आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचे. आणि हे वाक्य कानावर पडलं की मागच्या खोलीत काका विनाकारण झाडू मारायला लागायचे.

आता सांगायचं म्हणजे एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची. न सांगायचं म्हणजे आपली चूक तिच्या नावानं संग्रहालयाच्या दारात बसवायची. प्लास्टरमधलं खोटं प्लास्टरबरोबर झिजतं, ब्राँझमधलं कोण झिजवणार? काकांनी आठ दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. बायकोनं एकाच बाजूनं केला आणि भाजी चिरताना रोज एकदा तो बोलून दाखवला.

तिसरा गुरुवार. टेबलावर घोड्याचं मुंडकं आणि आई, शेजारी शेजारी. भंगारवाली उठून उभी राहिली.

"मी एकच सांगते," ती म्हणाली. "घोडा उत्तम आहे. घोड्याच्या मानेत जे आहे ते करणाऱ्याला येत होतं, म्हणून आहे. पण हे ओठ बघा. हे कौशल्यानं होत नाहीत. बाईंना जे करायचं नव्हतं ते इथं झालंय. मी भंगारात हात घालते तो याच्या भरवशावर. माझ्यासाठी या खोलीत एवढं एकच शिल्प आहे, बाकी सगळं सामान आहे."

दगडोबासुद्धा हलले. "ओठ आहेत खरे," ते म्हणाले. "दगडात असते तर काय सांगावं."

घोडेवाल्यांनी आपल्या घोड्याकडे एकदा बघितलं, सुस्कारा सोडला आणि मोठ्या मनानं म्हणाले, "मग ठरलं. आई."

बाईंचा चेहरा उजळला होता. काकांनी तो बघितला. त्यांनी पाटाची कडा धरली.

"ते ओठ बाईंनी नाही केले," ते म्हणाले. "माझ्या हातून फुटले होते. ते मी केलेत."

मग काकांनी सगळं सांगितलं: चिमटीभर नीळ, दुपारचं ऊन, एप्रनवरचा भुगा, पाऊण तास. सांगताना ते घोड्याकडे बघत होते, कारण त्या टेबलावर त्यांच्याकडे रोखून न बघणारा तो एकटाच होता. काठीवरची बाईंची बोटं पांढरी पडली.

आणि मग, माणसाचा स्वभाव बघा, घोडेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांबा थांबा," ते म्हणाले. "निळेकाका, माझ्या घोड्याचं काय?"

"डावा कान," काका खाली मान घालून म्हणाले.

"डावा कान माझा नाही?"

"अर्धा तुमचा आहे."

"त्या कानाबद्दल मला पारितोषिक मिळालंय हो!"

दगडोबा खो खो हसले. "म्हणून कंठशोष करून सांगतो, दगडात काम करा! दगडाला कोणाचा हात लागत नाही."

"तुमच्या त्या आडव्या झोपलेल्या बाईच्या पायाचा अंगठा," काका म्हणाले. "टेम्पोतून उतरवताना गेला होता. दगडाची भुकटी आणि सरस. तुम्ही चहाला गेला होता."

दगडोबांचं हसणं जागच्या जागी थांबलं. ते उठले आणि मागच्या खोलीत अंगठा बघायला गेले.

"काका, आणि माझं?" भंगारवालीनं हळूच विचारलं.

"तुमच्या कामात मोडलेलं कुठलं आणि मुळातलं कुठलं, ते मला कधी कळलं नाही," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "त्यामुळे हात नाही लावला."

ती हसली, आणि हसता हसता बाईंकडे बघून गप्प झाली.

"म्हणजे ही निवड रद्द," घोडेवाले म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीच्या मापाचा झाला होता. "नियमानं काम शिल्पकाराचं हवं. बाई, माफ करा. मग... घोडाही गेलाच की."

"बस खाली," बाई म्हणाल्या. घोडेवाले बसले.

बाई काठी टेकत पाटाशी आल्या. चेहरा घट्ट होता. काकांना वाटलं, आता काठी बसते, आणि बसली तर बरंच होईल. पण बाईंनी आपलं बोट पुढे केलं.

"कुठून कुठपर्यंत?"

काकांनी ते बोट धरलं आणि आईच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथून खालच्या ओठावरून सावकाश उजवीकडे नेलं. "इथवर," ते म्हणाले. "वरचा तुमचा आहे."

"सांधा लागत नाही."

"नाही लागत," काका म्हणाले. त्यात नकळत थोडा अभिमान मिसळला, आणि त्याची त्यांना लगेच लाज वाटली.

"म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना तुझं शिकवलं." बाई कडवट हसल्या. "माझ्या हाताला काही कळलं नव्हतं. माझा हात तिला गप्पच ठेवत होता. बापासारखा."

"बाई..."

"बोलू दे. त्या दिवशी मी तुला गप्प केलं म्हणून हे झालं, तेव्हा आता तू बोल. मिटलेले होते हे तुला आठवत होतं ना? मग उघडे का केलेस?"

"मिटायला गेलो, पण जमेना," काका म्हणाले. "तीनदा केले. तुमच्या आईला मी कधी बघितलं नव्हतं, बाई. मातीत बघितले ते एक दिवस, तेही साचा घालायच्या घाईत. ओठ म्हणून डोळ्यांसमोर दुसरे कोणाचे येणार? दोन दिवस तुम्हीच माझ्यासमोर उभ्या होतात. ते ओठ तुमचे आहेत."

भंगारवालीनं बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग आईच्या, आणि तोंडावर हात ठेवला. सव्वीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते, आणि एवढ्या पारखी माणसांत एकालाही दिसलं नव्हतं. बाईंनी स्वतःच्या खालच्या ओठाला बोट लावलं, मग प्लास्टरला लावलं. त्यांचे डोळे भरून आले, पण या वेळी गोणीवर बसावं लागलं नाही.

"ते काहीतरी म्हणतायत," त्या म्हणाल्या. "मी रोज विचार करायची, आई काय म्हणतेय. म्हणजे मीच काहीतरी म्हणत होते. काय म्हणत होते मी, आठवतं?"

काकांना न आठवून कसं चालेल? त्या दोन दिवसांत बाईंची आई नुकतीच गेलेली आणि बाईंचा जीव त्या मुंडक्यात अडकलेला. काकांची हातोडी जरा जोरात पडली की त्या समोरून एकच शब्द म्हणायच्या. जेवायला निघताना दारातूनही तोच म्हणून गेल्या होत्या.

"पुरे," काका म्हणाले. "तुम्ही म्हणत होता, 'पुरे.'"

बाई आपल्या आईसमोर उभ्या राहिल्या. ताट भिरकावलं गेलं तरी खाली वाकून निमूट तुकडे वेचणारी ती बाई, आणि तिच्या तोंडात लेकीचा तो एक शब्द, जो तिनं जन्मभर कोणाला ऐकवला नव्हता. बाईंनी पदरानं डोळे पुसले. मग पदर ओला केला आणि आईच्या गालावरची धूळही पुसली.

"ओता," त्या घोडेवाल्यांना म्हणाल्या. "नियम गेला खड्ड्यात. खाली आम्हा दोघांची नावं घाला, नाहीतर एकाचंही घालू नका. पण ओठांना कोणी हात लावायचा नाही. म्हणू दे तिला."